सोळा माणसं, बेचाळीस मंडळ्या : सँडी क्रीकचे फिरते बॅप्टिस्ट उपदेशक

माळरान

रॅलेहून पश्चिमेला सव्वा तास गाडी चालवली की रँडॉल्फ काउंटीत सँडी क्रीक लागतो. नॉर्थ कॅरोलायनातले बरेच लोकही हे नाव ऐकल्यावर "कुठे?" म्हणून विचारतात, इतका तो साधा ओढा आहे. गेल्या शनिवारी मी तिथे मुद्दाम गेलो. झाडीत ओंडक्यांचं एक जुनं प्रार्थनाघर आहे, बाजूला दफनभूमी आणि तिथे शूबल स्टर्न्सचं स्मारक. प्रार्थनाघर स्टर्न्सच्या नंतरच्या काळातलं. पण ओंडके कुऱ्हाडीने तासलेले आहेत आणि ते घाव अजून बोटांना लागतात. मी बराच वेळ हात फिरवत उभा होतो.

१७५५ च्या नोव्हेंबरात इथे आठ जोडपी आली, म्हणजे सोळा माणसं. आल्या आल्या त्यांनी एक मंडळी, म्हणजे चर्च, स्थापन केली. काही वर्षांत या मंडळीत ६०६ माणसं झाली. १७७२ मध्ये मॉर्गन एडवर्ड्स नावाचा बॅप्टिस्ट पाळक घोड्यावरून गावोगावच्या मंडळ्यांची टिपणं घेत हिंडत होता. त्याने हिशोब लिहून ठेवलाय : सतरा वर्षांत या एका मंडळीतून ४२ मंडळ्या उभ्या राहिल्या आणि १२५ उपदेशक निघाले. त्यांच्यामागे सरकार नव्हतं, विद्यापीठ नव्हतं आणि पैसाही नव्हता. हे घडलं कसं, ते समजून घ्यायला मी गेली दोन वर्षं वाचतोय. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १७४० च्या सुमारास जॉर्ज व्हाइटफील्ड या इंग्लिश उपदेशकाने अमेरिकेतल्या वसाहती हलवून सोडल्या. तो चर्चच्या भिंती सोडून माळावर, बाजारात उभा राहून बोलायचा. बाप्तिस्मा झाला, नाव वहीत चढलं म्हणजे माणूस ख्रिस्ती झाला असं नाही, आतून नवा जन्म व्हावा लागतो, हा त्याचा मुद्दा. न्यू इंग्लंडमधल्या कितीतरी लोकांनी हे मनावर घेतलं आणि जुन्या चर्चमधून ते बाहेर पडले. त्यातल्या काहींनी पुढचा विचार केला. नवा जन्म हीच खरी खूण असेल, तर तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडण्याला काय अर्थ? समजत्या वयात, आपल्या तोंडाने कबूल करून, अख्खं पाण्याखाली जाऊन बाप्तिस्मा घ्यायला हवा. असे हे लोक बॅप्टिस्ट झाले. माझी कोंबडीची पिल्लं बदकं झाली, असं व्हाइटफील्ड म्हणाल्याचं सांगतात.

स्टर्न्स त्यांच्यातलाच. जन्म १७०६, बॉस्टन. वाढला कनेक्टिकटमध्ये. १७५१ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला, त्याच वर्षी त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. देव पश्चिमेला बोलावतोय अशी त्याची खात्री होती. १७५४ मध्ये तो घरच्यांना घेऊन निघाला, आधी व्हर्जिनियात थांबला आणि तिथे जम बसेना म्हणून दक्षिणेला उतरून सँडी क्रीकला आला. त्याच्या बहिणीचा नवरा डॅनियल मार्शल सोबत होता. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

स्टर्न्स चणीने लहान होता. शिक्षण बेताचं. पण त्याचा आवाज आणि त्याचे डोळे याबद्दल त्याच्या काळच्या सगळ्यांनी लिहिलंय. टायडन्स लेन नावाचा एक तरुण निव्वळ कुतूहलाने त्याला बघायला गेला. स्टर्न्स पीचच्या झाडाखाली पुस्तक घेऊन बसला होता. त्याने नजर वर करून लेनकडे रोखून पाहिलं. अशी नजर आपण कधी अनुभवली नव्हती, असं लेनने नंतर सांगितलं. तो तिथून हलायला बघत होता, पण पाय निघेनात.

दुसरी हकीकत मला त्याहून आवडते. एल्नाथन डेव्हिसला कळलं की लहानखुरा स्टर्न्स एका धिप्पाड माणसाला ओढ्यात बाप्तिस्मा देणार आहे. कुणी बुडालं नाही तरी गंमत नक्की होणार, म्हणून तो आठ-दहा मित्र घेऊन बघायला गेला. मित्र लांब ओंडक्यावर बसले, हा गर्दीत शिरला. बघतो तर लोक हिवताप भरल्यासारखे थरथरताहेत. हे सोंग तर नाही ना, म्हणून त्याने दोघातिघांना हात लावून पाहिलं. तेवढ्यात एक माणूस त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला. डेव्हिसच्या अंगात नवा पांढरा कोट होता. कोट ओला होतोय हे दिसताच त्याने त्या माणसाला ढकललं आणि मित्रांकडे पळाला. हा आत्मा देवाचा की सैतानाचा मला ठाऊक नाही, पण मी परत तिकडे जाणार नाही, असं त्यांना सांगितलं. पण तो आवाज कानावर येतच होता. तो परत गेला. या वेळी त्याचंच अंग कापायला लागलं आणि तो जमिनीवर कोसळला. काही दिवस घोर तळमळीत काढल्यावर त्याला शांती मिळाली आणि तो लगेच स्वतः उपदेश करायला लागला.

"लगेच स्वतः उपदेश करायला लागला" हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुढे निघून गेलो होतो. आता वाटतं, ४२ मंडळ्यांचं उत्तर त्यातच आहे.

बाहेरून आलेला उपदेशक कुणाच्या तरी खोपटात उतरायचा, शेजारचे गोळा व्हायचे, तो बोलायचा. ज्यांच्या मनाला ते भिडलं ते ओढ्यावर जायचे. पण पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला सगळ्यांसमोर उभं राहून आपल्याला काय झालं ते सांगावं लागे. लिहितावाचता न येणारी बाई, मजूर, सोळा वर्षांचा मुलगा, सगळ्यांना. मंडळी ऐकायची आणि मत द्यायची. आयुष्यात पहिल्यांदाच चार लोकांत तोंड उघडलेल्या त्या माणसांपैकी कुणाला बोलण्याची देणगी आहे, ते मंडळीला तिथेच कळे. मग त्याला म्हणायचे, आता तू बोल. त्याचं बोलणं काही महिने ऐकायचं, पटलं तर मताने परवानगी द्यायची, पुढे डोक्यावर हात ठेवून दीक्षा. तोवर पहिला उपदेशक घोड्यावर बसून पुढच्या वस्तीवर गेलेला असे. तो गेल्याने काही अडत नसे. नवा उपदेशक आठवडाभर नांगर धरायचा आणि रविवारी बोलायचा. पगार नाहीच. त्याच काळात व्हर्जिनियात सरकारी चर्चच्या पाळकाला कायद्याने वर्षाला १६,००० पौंड वजनाची तंबाखू मिळायची, आणि ती सगळ्यांकडून कर म्हणून वसूल व्हायची. बॅप्टिस्टांकडूनही.

आपण अशा इतिहासात उपदेशकाचं नाव लक्षात ठेवतो. माझं म्हणणं असं की इथे खरं काम ऐकणाऱ्यांनी केलं. आपल्यातून बोलणारा माणूस कसा काढायचा हे त्या मंडळ्यांना कळलं होतं. तुम्हाला काय वाटतं?


वाचनवेडी

फार सुंदर लिहिलंय. पांढऱ्या कोटाचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. एक विचारते : बाया मंडळीसमोर उभं राहून आपला अनुभव सांगायच्या, इथपर्यंत समजलं. त्यांना पुढे "आता तू बोल" असं कुणी म्हणालं का?


माळरान

म्हणाले, आणि त्यावरून मोठा वादही झाला. स्टर्न्सची बहीण मार्था, डॅनियल मार्शलची बायको, सभांमधून प्रार्थना आणि बोध करायची. तिच्या बोलण्याने अख्ख्या सभेला रडू फुटायचं, असं लिहिलेलं आहे. तिला दीक्षा मात्र मिळाली नाही.

हे स्टर्न्सचे लोक "सेपरेट बॅप्टिस्ट". त्यांच्या आधीपासून किनाऱ्याकडे "रेग्युलर बॅप्टिस्ट" होते, जरा शिस्तीचे, शिकलेले. मार्शलला दीक्षा द्यायला दुसरा पाळक हवा होता म्हणून स्टर्न्सने त्यांच्यातल्या एकाला बोलावलं. त्याने साफ नकार दिला. तुमचे लोक बेशिस्त आहेत, बायकांना चारचौघांत प्रार्थना करू देतात, कुणीही अडाणी उठून उपदेश करतो आणि सभेत नुसता गोंगाट असतो, असं त्याचं म्हणणं. ४२ मंडळ्या ज्यामुळे उभ्या राहिल्या नेमक्या त्याच गोष्टी त्याने तक्रार म्हणून मोजून दाखवल्या.

पुढे मार्शल नवराबायको जॉर्जियात गेले. तिथे डॅनियल गुडघे टेकून प्रार्थना करत असताना शिपायाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला अटक केली, कारण त्या परगण्यात सरकारी चर्चखेरीज दुसऱ्या पंथाचा उपदेश चालत नव्हता. मार्था गप्प बसली नाही. पवित्र शास्त्रातली वचनं एकामागून एक म्हणून तिने त्या कायद्याचा निषेध केला. अटक करणारा शिपाई सॅम्युअल कार्टलेज पुढे बॅप्टिस्ट झाला, इतकंच नाही, उपदेशकही झाला. १७७२ मध्ये मार्शलने कायोकी इथे मंडळी उभी केली, जॉर्जियातली ती पहिली बॅप्टिस्ट मंडळी.

नंतर हे पंथ प्रतिष्ठित होत गेले, रेग्युलर आणि सेपरेट एक झाले, आणि बायकांचे आवाज हळूहळू बंद केले गेले. याचं मला मनापासून वाईट वाटतं.


सीनाकाठ

माळरान, तुम्ही "मंडळी" हा शब्द वापरलात त्याचा फार आनंद झाला. आमच्या नगरकडे ख्रिस्ती घरांत चर्चला मंडळीच म्हणतात. इमारतीला नव्हे, माणसांना. माझी आजी "मंडळीत चालले" म्हणायची. अनुभव सांगण्याला आम्ही "साक्ष देणे" म्हणतो आणि तुम्ही ज्या सभांचं वर्णन केलंय त्यांना "उज्जीवन सभा". लहानपणी मी अशा सभांना बसले आहे. एखादी म्हातारी पदर सावरत उभी राहायची, सुरुवातीला आवाज फुटायचा नाही, आणि मग अशी बोलायची की मांडवात टाचणी पडली तरी ऐकू यावी. म्हणून तुमचं "खरं काम ऐकणाऱ्यांनी केलं" हे मला लगेच पटलं.

या इतिहासाचा आमच्याकडे येणारा एक धागा सांगते. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना एकत्र मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली : जडसन, न्यूएल, नॉट, हॉल आणि ल्यूथर राइस. सगळे काँग्रिगेशनल पंथाचे, बाळाचा बाप्तिस्मा मानणारे. कलकत्त्याला जाताना जहाजावर जडसनने बाप्तिस्म्याचा प्रश्न अभ्यासायला घेतला आणि तिथे पोचल्यावर तो बॅप्टिस्ट झाला. काही आठवड्यांनी राइसही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मात्र आपल्या पंथातच राहिले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. आमचं अमेरिकन मराठी मिशन ते हेच. हॉल मराठी शिकला, गावोगाव हिंडला आणि १८२६ मध्ये नाशिकजवळ पटकीने गेला. म्हणजे माझ्या आजीची मंडळी ज्या झाडाची फांदी, त्याच झाडाच्या शेजारच्या फांदीवर तुमचे बॅप्टिस्ट.

राइस १८१३ मध्ये अमेरिकेला परतला आणि पुढची बावीस-तेवीस वर्षं, १८३६ मध्ये मरेपर्यंत, घोड्यावर आणि एकट्या माणसाच्या हलक्या गाडीतून फिरत मिशनसाठी मदत गोळा करत राहिला. तोही फिरता उपदेशकच.


माळरान

सीनाकाठ ताई, हे फार मोलाचं. सेलमचा प्रसंग माहीत होता, पण त्यातले दोघे थेट मुंबईला आले हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

राइसबद्दल थोडी भर. केंटकीतल्या जुन्या शेतकरी उपदेशकांना तो अजिबात आवडला नाही. जॉन टेलर हा त्यांच्यातला नावाजलेला माणूस, जंगल तोडून शेती करत मंडळ्या उभ्या करणारा. त्याने राइसची तुलना टेट्झेलशी केली, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या काळी पापमुक्तीची पत्रं विकत हिंडणाऱ्या साधूशी. टेलरला दिसत होतं की आता पैसा, मंडळं आणि पगारी माणसं येणार, आणि मंडळीने आपल्यातून माणूस काढायची रीत मागे पडणार. तो राइसला अन्यायाने बोलला असं मला वाटतं, राइस स्वतः कफल्लकच राहिला. पण टेलरची भीती पोकळ नव्हती.


कोर्टकचेरी

मी वकिली करतो, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू माझ्या जवळची आहे : व्हर्जिनियातले तुरुंग. जरा लांबण लागेल.

व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे सरकारी चर्च. इतर पंथाच्या पाळकाला परवाना मिळायचा, पण त्यासाठी विल्यम्सबर्गच्या वरच्या न्यायालयात जायचं आणि कुठल्या ठरावीक घरात उपदेश करणार ते नोंदवायचं. सेपरेट बॅप्टिस्टांचा धर्मच फिरण्यावर उभा. एका घराचा परवाना घेऊन करायचं काय? शिवाय बोलण्याची आज्ञा देवाने दिली असेल तर परवानगी देणारं न्यायालय कोण, असं त्यातले बहुतेक म्हणत. मग त्यांच्यावर शांतताभंगाचा आरोप ठेवला जायचा.

४ जून १७६८ रोजी स्पॉटसिल्व्हेनियात जॉन वॉलर, लुइस क्रेग, जेम्स चाइल्ड्स आणि सोबतच्यांना पकडलं. सरकारी वकील म्हणाला की हे लोक फार त्रास देतात, वाटेत माणूस भेटला की त्याच्या घशात शास्त्रवचन कोंबल्याशिवाय सोडत नाहीत. एक वर्ष आणि एक दिवस उपदेश करणार नाही असं कबूल केलं तर सुटका, अशी तडजोड पुढे ठेवली. त्यांनी नाकारली आणि फ्रेडरिक्सबर्गच्या रस्त्यांतून गाणी म्हणत तुरुंगात गेले. क्रेगला चार आठवड्यांनी सोडलं, इतरांना ४३ दिवस ठेवलं. या ४३ दिवसांत ते गजांमधून उपदेश करत होते.

यातला वॉलर कोण होता ते ऐका. मोठ्या घरातला, जुगारी, आणि तोंडात इतक्या शिव्या की लोक त्याला "शिवराळ जॅक" म्हणत. काही वर्षांपूर्वी लुइस क्रेगवर उपदेशाबद्दल खटला चालला तेव्हा ज्यूरीत हाच वॉलर बसला होता. खटला संपल्यावर क्रेग ज्यूरीशी इतक्या शांतपणे, गोडीने बोलला की वॉलर हादरला. अशी हिंमत कुठून येते, हा प्रश्न त्याची पाठ सोडेना. त्यातून तो बदलला. १७७१ मध्ये कॅरोलाइन काउंटीत तो स्तोत्र गात असताना सरकारी पाळकाने चाबकाची मूठ त्याच्या तोंडात घातली. मग त्याला मंचावरून ओढून डोकं जमिनीवर आपटलं आणि शेरीफने वीस फटके मारले. तो रक्ताळलेल्या अंगाने परत मंचावर चढला आणि त्याने उपदेश पुरा केला.

कल्पेपरच्या तुरुंगात जेम्स आयर्लंड होता. त्याच्या खोलीखाली दारू उडवायचा प्रयत्न झाला. गंधक आणि मिरच्या जाळून त्याला गुदमरवायला पाहिलं. तो खिडकीतून बोलायला लागला की ऐकायला आलेल्या काळ्या लोकांना पकडून फटके मारत. तिथून तो पत्रं लिहायचा आणि वर पत्ता घालायचा, "कल्पेपरमधल्या माझ्या राजवाड्यातून".

माळरान, तुमचा मुद्दा सगळ्यात ठळक दिसतो तो चेस्टरफील्डच्या तुरुंगात. १७७३ मध्ये तिथे जॉन वेदरफोर्ड पाच महिने होता. तो गजांतून हात बाहेर काढून बोलायचा, तेव्हा बाहेर उभे असलेले दुष्ट लोक त्याच्या हातांवर सुरीने वार करायचे. ते व्रण मरेपर्यंत राहिले. तरी लोक ऐकायला येतच राहिले, म्हणून तुरुंगाभोवती उंच भिंत बांधली. आता आतल्याला बाहेरचं दिसेना. मग मंडळीने काय करावं? लोक जमले की एका काठीला रुमाल बांधून भिंतीवर दिसेल असा उंच धरायचे. तो दिसला की वेदरफोर्ड आपला आवाज भिंतीपलीकडे फेकायचा. ज्यांची तोंडंही दिसत नाहीत त्यांच्यासाठी तो बोलायचा, आणि ते भिंतीकडे बघत ऐकायचे.

जानेवारी १७७४ मध्ये, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या, तेव्हा २२ वर्षांच्या जेम्स मॅडिसनने मित्राला पत्र लिहिलं की शेजारच्या काउंटीत पाच-सहा भले लोक केवळ धर्ममतं जाहीर केल्याबद्दल कोंडले आहेत, आणि हे बघून मला धीर धरवत नाही. १७८६ मध्ये व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा विधिमंडळात मंजूर करून घेणारा तोच मॅडिसन. कायदा जेफरसनने लिहिला होता. मधल्या काळात बॅप्टिस्टांनी अर्जांमागून अर्ज पाठवले, १७७६ च्या एका अर्जावर दहा हजार नावं होती. आमच्या धंद्यात निकाल लिहिणाऱ्याचं नाव राहतं. काठी धरून उभ्या राहिलेल्यांचं राहत नाही.


वाचनवेडी

रुमालाची गोष्ट वाचून डोळे भरून आले. दोनदा वाचली.


दक्षिणवारा

धागा मन लावून वाचतोय. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही. आयर्लंडला ऐकायला आलेल्या काळ्या लोकांना फटके पडले, हे कोर्टकचेरी यांनी एका वाक्यात सांगितलं आणि ते पुढे गेले. व्हर्जिनिया, कॅरोलायना, जॉर्जिया म्हणजे गुलामीचा प्रदेश. धर्मस्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाणाऱ्या या लोकांच्या मंडळीत गुलाम होते ना? आणि मालकही? मग ते कुठलं स्वातंत्र्य मागत होते? मंडळी सगळ्यांचं ऐकायची म्हणता, तर गुलामाचं ऐकायची का?


माळरान

दक्षिणवारा, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. मी मूळ लेखात हे टाळलं, तसं करायला नको होतं.

ऐकायची, आणि विकायचीही. या दोन्ही गोष्टी एकाच मंडळीत, एकाच वहीत सापडतात. या मंडळ्यांच्या वह्या आजही बऱ्याच राहिल्या आहेत. महिन्यातून एकदा, बहुतेक शनिवारी, सभासद बसायचे आणि एकमेकांची वागणूक तपासायचे : कोण प्यायला, कुणी घोड्यांच्या शर्यतीवर पैसा लावला, कोण फिडलच्या तालावर नाचला, कुणी शेजाऱ्याचं कर्ज बुडवलं. गुलाम म्हणून राबणाऱ्या सभासदाचाही अनुभव ऐकून, मत घेऊनच त्याला आत घेतलेलं असायचं, आणि वहीत त्याला "बंधू", तिला "भगिनी" म्हटलेलं असायचं. पण त्यापुढे आडनाव नाही. असतं ते मालकाचं नाव. बसायची जागा वेगळी. नवरा-बायकोतल्या एकाला दूर विकलं तर मागे राहिलेल्याने पुन्हा लग्न करावं की नाही, यावर मंडळ्यांच्या संघांत पुन्हा पुन्हा चर्चा झाली. विकणाऱ्या बंधूला जाब विचारावा, हे मात्र क्वचितच कुणाला सुचलं.

अपवाद होते. मॅसॅच्युसेट्सहून येऊन व्हर्जिनियात चौदा-पंधरा वर्षं फिरलेला जॉन लेलंड, ज्याने तिथे ३,००९ उपदेश केल्याची मोजणी ठेवलीय, त्याने १७९० च्या आसपास व्हर्जिनियाच्या बॅप्टिस्टांच्या सर्वसाधारण समितीकडून ठराव करून घेतला की गुलामी हे निसर्गदत्त हक्कांचं हिंसक हरण आहे. मंडळ्यांना तो मानवला नाही आणि काही वर्षांत समितीने हा विषय सरकारचा म्हणून हात झटकले. स्वतःला कोंडणं म्हणजे काय ते त्यांना कळत होतं, मग गुलामी कळत नव्हती असं म्हणायची सोय नाही.

पण "मंडळी आपल्यातून बोलणारा काढते" ही रीत एकदा सुटली की मालकाच्या हातात राहिली नाही. जॉर्ज लाइल हा व्हर्जिनियात जन्मलेला गुलाम. १७७३ च्या सुमारास जॉर्जियात त्याचा बाप्तिस्मा झाला, मंडळीने त्याचं बोलणं ऐकलं आणि परवानगी दिली. त्याचा मालक त्याच मंडळीत डीकन, म्हणजे पाळकाला मदत करणारा पदाधिकारी, होता, त्याने त्याला मुक्त केलं. लाइल सव्हाना नदीच्या काठाने मळ्यामळ्यांवर जाऊन तिथल्या गुलामांपुढे बोलायचा. मालक अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मेल्यावर वारसांनी लाइलला पुन्हा गुलाम ठरवून कोंडलं. मुक्तीचे कागद दाखवून तो सुटला, आणि ७०० डॉलरच्या बदल्यात सेवेचा करार करून १७८२ मध्ये इंग्रजांबरोबर जमैकाला गेला. किंग्स्टनला त्याने मंडळी उभी केली. इंग्लिश बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी बंगालमध्ये उतरायच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट. मिशनांचा इतिहास केरीपासून सांगण्याची सवय आपण सोडायला हवी.

निघण्यापूर्वी लाइलने सव्हानाजवळ अँड्र्यू ब्रायन या गुलामाला बाप्तिस्मा दिला. ब्रायन बोलायला लागला, लोक जमायला लागले, आणि मालकवर्ग बिथरला. त्याला आणि सुमारे पन्नास जणांना चाबकाने फोडून काढलं. ब्रायनने हात वर करून सांगितलं की येशूसाठी मरणही आनंदाने पत्करीन. जानेवारी १७८८ मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. सव्हानाची फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च ही मंडळी आजही आहे.

दीक्षा देणारा कोण, तर कायोकीचा अब्राहम मार्शल. वर ज्या मार्थाबद्दल लिहिलं, तिचा मुलगा. सँडी क्रीकच्या सोळा जणांतलं जोडपं डॅनियल आणि मार्था, आणि त्यांच्या मुलाचा हात अँड्र्यू ब्रायनच्या डोक्यावर.


दक्षिणवारा

धन्यवाद, टाळलं नाहीत याचं समाधान वाटलं. तरी तुमच्याशी मी पूर्ण सहमत नाही. तुम्ही म्हणता रीत मालकाच्या हातून सुटली. मला वाटतं ती लाइल आणि ब्रायनने ओढून घेतली. पन्नास माणसांनी पाठीवर चाबूक सोसला, त्याचं श्रेय मी सँडी क्रीकला द्यायला तयार नाही.


माळरान

मान्य. "सुटली" हा शब्द चुकीचा होता. ओढून घेतली, हेच खरं.


सीनाकाठ

सँडी क्रीकच्या त्या मूळ मंडळीचं पुढे काय झालं? ६०६ माणसं म्हणालात, आणि आता तिथे इतकी शांतता.


माळरान

ताई, त्याचं उत्तर फार दुःखाचं आहे. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी बेकायदा फी आणि कर उकळणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध उठाव केला होता. त्यांना रेग्युलेटर म्हणत. १६ मे १७७१ ला अलामान्सला गव्हर्नर ट्रायनच्या सैन्याने त्यांना चिरडलं. पुढच्या महिन्यात हिल्सबरोला सहा जणांना फाशी दिलं. त्यात बेंजामिन मेरिल हा बॅप्टिस्ट होता. सैन्य वस्त्यांमधून शेतं आणि घरं उद्ध्वस्त करत फिरलं. त्यानंतर पंधराशे कुटुंबं निघून गेल्याचं एडवर्ड्स सांगतो. सँडी क्रीकची मंडळी ६०६ वरून १४ वर आली, म्हणजे सुरुवातीच्या सोळांपेक्षाही कमी. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला स्टर्न्स वारला.

निघालेली माणसं दक्षिणेला गेली आणि डोंगर ओलांडून पश्चिमेला गेली. जिथे थांबली तिथे चार घरं झाली की ओढा शोधायची. तुरुंगात गेलेल्या त्या लुइस क्रेगने १७८१ मध्ये व्हर्जिनियातली आपली मंडळीच उचलली. सुमारे दोनशे सभासद, सोबतचे धरून पाचशेच्या वर माणसं, वाटेत मुक्काम पडेल तिथे उपासना, आणि डिसेंबरात केंटकीत.

आणि टायडन्स लेन, जो पीचच्या झाडाखाली बसलेल्या स्टर्न्सला नुसतं बघायला गेला होता, तोही डोंगर ओलांडून गेला. आज ज्याला टेनेसी म्हणतात तिथे १७७० च्या दशकाच्या शेवटी त्याने बफेलो रिज इथे मंडळी उभी केली.